सात हात हिरवा

पेंटर रोज सकाळी पेपर हातात घ्यायचा, पण बातमी वाचायचा नाही. अक्षरं वाचायचा. मथळ्यातल्या दोन शब्दांमध्ये जागा जास्त सुटलेली दिसली, की त्याचा चहा तिथल्या तिथे कडू व्हायचा.

"हे बघ, हे बघ," तो पान लेकीच्या नाकासमोर नाचवायचा. "'पूल' आणि 'खचला' यांच्यामधून हातगाडी जाईल. पूल कसला खचतोय, तुमचा मथळाच खचलाय."

"बाबा, पूल का खचला ते वाचलंत का?"

"ते तू जेवताना सांगशीलच. फुकटात."

बत्तीस वर्षं तो पाट्या रंगवत होता. दुकानांच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या, 'येथे थुंकू नये'च्या. त्याचं खरं नाव मतदार यादीत असेल तेवढंच. बाकी सगळ्यांसाठी तो पेंटर. आणि लेक टिंबू. चार वर्षांची असल्यापासून ती शिडीखाली बसून राहायची, आणि खालच्या पाट्यांवरची टिंबं तिलाच द्यायची असायची, रंगात बोट बुडवून. दवाखान्याच्या खिडकीवर 'रांगेत उभे राहा' लिहिलंय, त्यातलं टिंब अजून तिच्या बोटाचं आहे. वाकडं आहे. गावातलं एवढं एकच वाकडं टिंब पेंटरनं कधी सुधारलं नाही.

तीच टिंबू आता अठ्ठावीस वर्षांची होती आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत चालणाऱ्या पेपरात बातमीदार होती. पेपर लहान. माणसं सहा. संपादकबाई साठी ओलांडलेल्या, एका कानानं कमी ऐकणाऱ्या. धमकीचे फोन त्या मुद्दाम त्याच कानाला लावतात, असं गावात म्हणायचे.

पेंटरला लेकीचा अभिमान होता. पण अभिमान सरळ बोलून दाखवला तर तो बाप कसला? तो टोमणे मारायचा. "तुमचं छापलेलं सकाळी खरं आणि संध्याकाळी त्यात शेंगदाणे. माझं अक्षर दहा वर्षं उन्हात उभं राहतं. रंगवलेलं अक्षर खोटं बोलत नाही, पोरी."

हे तो इतक्या वेळा बोलला होता, की त्याचं त्यालाच ते पाठ झालं होतं. पाठ झालेल्या वाक्याकडे माणूस परत बघत नाही. तिथेच घोळ होतो.

घोळ बाहेर काढला बायकोनं. ती दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात आया होती. रोज घरी येऊन पाय कोमट पाण्यात सोडून बसायची आणि दिवसभराचं सांगायची. "आज पुन्हा पाच पोरं आली. उलट्या, जुलाब. दोघांना कावीळ. सगळी टेकडीकडचीच. मी डॉक्टरांना म्हटलं, अहो, टेकडीवरच्या पोरांनीच काय घोडं मारलंय? ते म्हणाले, मावशी, बेसिन पुसा."

डॉक्टरांनी बेसिन पुसायला सांगितलं, पण टिंबूनं वही काढली. टेकडीवरच्या वस्तीला पाणी येतं ते तिथल्याच एका मोठ्या टाकीतून. पाणी खात्याकडे तिनं अर्ज केला, दोन महिने खेपा घातल्या, आणि एका संध्याकाळी जेवायला बसताना सात कागद ताटाशेजारी मांडले.

"बाबा, हे अक्षर कोणाचं?"

पेंटरनं हात पुसले, चष्मा लावला. प्रत्येक कागदावर एक ओळ होती: 'टाकी रिकामी करून, घासून धुतली. सोबत फोटो.' आणि फोटोत टाकी नव्हती, टाकीवरची तारीख होती. 'शेवटची सफाई', खाली आकडे. दर सहा महिन्यांनी एक. साडेतीन वर्षांत सात.

"कोणाचं म्हणजे? ह्या गावात असा आठ दुसरं कोण काढतं?" तो लग्नाचा अल्बम बघावा तसे कागद उलटू लागला. "ह्या वेळी ऊन तिरपं होतं. ही बघ, शिडीची सावली पडलीय. आणि हा चार! अगं, हा चार बघ."

बायको म्हणाली, "चार बघून झाला असेल तर जेवा."

"बाबा," टिंबूनं विचारलं, "तुम्ही तारीख लिहायला जाता तेव्हा टाकी धुऊन झालेली असते?"

"असते म्हणजे? असतेच. त्याशिवाय तारीख कशी लिहिणार?"

"तुम्ही बघितलीत?"

"मी पेंटर आहे. माझं काम बाहेरचं."

"म्हणजे नाही बघितलीत."

पेंटरनं घास ताटात ठेवला. "सफाईच्या कंत्राटदाराचा फोन येतो. रंगाचा डबा येतो, चिठ्ठीवर तारीख येते. मी वर चढतो, लिहितो, झाकणाला एक हात मारतो, उतरतो. आत काय चाललंय ते बघायला मी काय मासा आहे?"

बायकोला हसू आलं, टिंबूला आलं नाही.

"खात्याकडे सफाईचा दुसरा काहीच पुरावा नाही, बाबा. पाणी सोडल्याची नोंद नाही, माणसं आल्याची नोंद नाही. पुरावा एकच. तुमचं अक्षर."

"म्हणजे आता बापावर बातमी करणार तू?"

"टाकीवर," ती म्हणाली.

त्यावर तो आपलं नेहमीचं वाक्य बोलायला गेला. 'रंगवलेलं अक्षर' एवढे दोन शब्द बाहेर पडले आणि त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच टेकडीवर गेला. वॉचमन ओळखीचा. "काय पेंटर, एवढ्यात पुन्हा सफाई?" वॉचमननं विचारलं. हा माणूस रोज टाकीखाली बसतो आणि सफाई झाली की नाही हे पेंटरला विचारतो. पेंटरनं पिशवी खांद्याला अडकवली. शिडी चढला आणि झाकणाशेजारी बसला.

झाकण सुंदर दिसत होतं. त्यानंच केलं होतं सुंदर. पहिल्या वेळी झाकण आणि कडा यांच्यामधली फट त्यानं लांबी भरून बुजवली होती. भिंतीच्या भेगा भरायला वापरतात तीच राखाडी लांबी. वर हिरवा ऑइलपेंट. नटबोल्टांवर, कडीवर, कुलपावरसुद्धा. कंत्राटदारानं नुसता फोटोपुरता हात मारायला सांगितलं होतं, पण अर्धवट रंगवणं पेंटरच्या रक्तात नव्हतं. पाणी मुरू नये, गंज लागू नये. झाकण आणि टाकी अशी एकजीव करून टाकली होती, की बोट फिरवलं तर सांधा लागू नये.

तो बोट फिरवत होता आणि सांधा लागत नव्हता.

मग त्याचं बोट थांबलं. झाकण एकदा जरी उघडलं असतं, तरी तो रंग अंड्याच्या कवचासारखा तडकला असता. लांबीचा भुगा झाला असता. पुढच्या खेपेला त्याला फट पुन्हा भरावी लागली असती. त्यानं फट किती वेळा भरली? एकदा. साडेतीन वर्षांपूर्वी, एकदाच.

डोक्याला आत्ता कळलं. हाताला साडेतीन वर्षं माहीत होतं.

त्यानं ब्लेड काढलं आणि सांध्यावरून बोटाएवढी पट्टी अलगद कापून उचलली. खाली लांबी, तिच्यावर रंगाचे थर, वहीच्या पानांसारखे. चष्म्याच्या काचेजवळ धरून मोजले. सात. सात हात हिरवा, आणि मध्ये कुठेही चीर नाही. पट्टी त्यानं काड्यापेटीत ठेवली.

आणि मग त्यानं काय करावं? झाकणावर कापल्याची खूण पडली होती, उघडी, राखाडी. बत्तीस वर्षांच्या सवयीनं त्याचा हात पिशवीत गेला, लांबी निघाली, हिरवा निघाला. त्यानं खूण भरली, घासली, रंगवली, फुंकर मारली, दोन पावलं मागे सरून बघितली आणि मगच उतरला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात टिंबू बटाटे सोलत होती. त्यानं काड्यापेटी तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. ती पट्टी उजेडात धरून बघत राहिली. तिला समजवावं लागलं नाही. रंगाच्या डब्यांत वाढलेली पोर होती.

"आणि जिथून कापलंत तिथे तुम्ही परत रंग मारलात?"

"उघडं ठेवलं तर गंजेल ना."

"बाबा!" तिनं बटाट्याचा हात कपाळाला लावला. "चोर खिडकी फोडतात. तुम्ही फोडून, काच बसवून, पुसून येता." ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. कांदा नव्हता, बटाटेच होते.

मग ती हसायची थांबली. "हे मी वापरणार नाही."

"का?"

"बाईंचा नियम आहे. बातमीत आपलं माणूस असेल तर ते पहिल्या परिच्छेदात सांगायचं. शेवटी नाही, आतल्या पानावर नाही. बाईंच्या सख्ख्या भावानं नाल्यावर भिंत घातली, तेव्हा पहिल्याच ओळीत छापलं होतं, 'संपादकांचे बंधू'. भाऊ अजून बोलत नाही. मला लिहावं लागेल की सातही तारखा माझ्या बापानं लिहिल्या. गाव काय बाकीची बातमी वाचणार आहे? नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल आहे माझ्याकडे. त्याच्यावर भागवते."

"भागेल?"

"खातं म्हणेल, पाइप फुटला होता."

"मग?"

"मग काय? भागवते म्हटलं ना!"

तिनं काड्यापेटी परत त्याच्या हातात कोंबली. पेंटरला हायसं वाटलं. आणि हायसं वाटल्याची अशी लाज वाटली, की त्या रात्री तो बायकोकडे पाठ करून झोपला.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी कंत्राटदार स्वतः शेडमध्ये आला. एरवी त्याची चिठ्ठी यायची. पेंटरची शेड म्हणजे पत्र्याची खोली, तीन भिंतींना डबे, आणि चौथी भिंत रंगांच्या फटकाऱ्यांनी भरलेली. कुठल्याही कामाचा रंग कालवला, की पेंटर ब्रशचा एक फटकारा त्या भिंतीवर मारायचा आणि खाली पेन्सिलीनं काम आणि तारीख टाकायचा. पुढच्या खेपेला छटा जुळवायला बरं पडतं. बत्तीस वर्षांची ती भिंत गोधडीसारखी दिसायची. कंत्राटदार स्टुलावर बसला आणि नेमका त्याच भिंतीला टेकला.

"पेंटर, त्या दिवशी टाकीवर जाऊन बसला होतात म्हणे, वॉचमन सांगत होता. त्या झाकणाचा हिरवा फार डोळ्यांत जातो हो. उद्या खरवडून निळा करून टाका."

"हिरव्यावरच निळा मारतो की."

"नको नको. मुळापासून खरवडा. पत्रा दिसला पाहिजे."

कंत्राटदारानं आवाज मऊ केला. माणूस असा मऊ बोलायला लागला की खिसे सांभाळावेत. "पोरगी हुशार आहे तुमची. कागद मागते, पाणी तपासते. करू दे. पण तिला एक विचारा. तारखा कोणी लिहिल्या? मी? माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. अक्षर तुमचं आहे, पेंटर. उद्या बोभाटा झाला तर मी सांगेन, आम्ही विश्वासानं काम दिलं, ह्यानं परस्पर तारखा ठोकल्या. मग बाप-लेकीनं काय ते बघून घ्या."

"बघतो," पेंटर म्हणाला.

"बघा. आणि निळा चांगल्यातला वापरा."

तो गेला. स्टूल रिकामं झालं, आणि त्याच्यामागची भिंत पेंटरला दिसली. टेकडीची टाकी, टेकडीची टाकी, टेकडीची टाकी. सात फटकारे. कंत्राटदार दर खेपेला मिळेल तो डबा पाठवायचा, म्हणून सातही हिरवे निराळे. एक पोपटी, एक बाटलीच्या काचेसारखा, एक शेवाळी, एक जवळजवळ निळसर. पेंटरनं काड्यापेटी उघडली. पट्टी भिंतीशी धरली. खालून वर मोजत गेला; सातही त्याच क्रमानं जुळले.

मग त्यानं पायात चप्पल अडकवली आणि आयुष्यात पहिल्यांदा पेपरच्या कचेरीचा जिना चढला.

"बाबा? इथे?" टिंबू खुर्चीतून उठलीच.

"तू गप. मी बाईंकडे आलोय."

संपादकबाई काचेच्या पार्टिशनमागे बसून कोणाची तरी बातमी लाल पेन्सिलीनं सोलत होत्या. "या, पेंटर. खालची पाटी तुम्हीच रंगवलीत ना? फार चांगली आहे. आतला पेपर तेवढा चांगला निघत नाही, असं तुम्ही म्हणता म्हणे."

"मथळ्यात जागा फार सोडता."

"सांगते त्यांना. बसा."

त्यानं टेबलावर काड्यापेटी ठेवली आणि सांगायला लागला. अर्धं झालं असेल, तेव्हा बाईंनी हात वर केला आणि पार्टिशनवर टकटक केली. टिंबू दारात येऊन उभी राहिली.

"दोन दिवस तू मला सांगतेयस की पुरावा कमी पडतोय," बाई म्हणाल्या. "आणि पुरावा तुझ्या घरात, काड्यापेटीत?"

टिंबूनं मान खाली घातली.

"तुझ्या बापाला तू दोन दिवस वाचवलंस. त्या दोन दिवसांत टेकडीवरची पोरं कुठलं पाणी प्यायली?"

"बाई, तिला नका बोलू," पेंटर मध्ये पडला.

"का नको? पगार तुम्ही देता का?" बाई त्याच्याकडे वळल्या. "आणि तुम्हीही आता बाप म्हणून बसू नका. साक्षीदार म्हणून बसा. पोरी, वही घे. तू विचारू नकोस, मी विचारते. तू नुसतं लिही."

एवढ्यात फोन वाजला. बाईंनी ऐकलं, नाव कळल्यावर फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि पेंटरला गावात म्हणतात ते खरं असल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं.

"बोला, बोला. जरा मोठ्यानं. ... जाहिराती बंद? बरं. ... कोर्टात? बरं. ... नाही, बातमी थांबणार नाही. पण तुमचं म्हणणं मी छापणार, अगदी पहिल्या पानावर. सांगा, लिहून घेते. ... 'पेंटरनं परस्पर तारखा लिहिल्या.' असंच ना? ह्याच शब्दांत? पुन्हा एकदा म्हणा, काना-मात्रा चुकायला नको." त्यांनी फोन ठेवला. "ऐकलंत? हे छापणार आहे मी. तो खोटं बोलत असला तरी त्याचं म्हणणं त्याच्या नावानं छापणार. आता तुमचं सांगा. किती वेळा चढलात?"

"सात."

"टाकी रिकामी करताना कोणी दिसलं? माणसं, पंप, ओलं आवार?"

"नाही."

"एकदाही शंका आली नाही?"

पेंटरनं खिडकीबाहेर बघितलं. खाली सायकलवाला चाक फिरवून बघत होता.

"आली होती," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा चढलो तेव्हा. मी लांबी सोबत नेली होती. वाटलं होतं, झाकण उघडलं असणार, फट पुन्हा भरावी लागणार. वर गेलो तर भरायचं कामच नव्हतं. जशीच्या तशी. तेव्हा मनात आलं."

"काय आलं?"

"आलं की बरं झालं. काम वाचलं."

टिंबूचं पेन थांबलं होतं.

"लिही," पेंटर तिच्याकडे न बघता म्हणाला. "तसंच लिही."

बाईंनी पट्टी उचलून बघितली. त्यांचा आवाज आता जरा उतरला होता. "पेंटर, ही तुम्हीच कापली, तुम्हीच आणली, आणि मुलगी आमची बातमीदार. लोक म्हणतील, बाप-लेकीनं घरात बसून तयार केली."

"मग चला शेडवर. पट्टी घरात बसून होईल. भिंत नाही होत."

फोटोग्राफर, बाई, टिंबू, सगळे गेले. बत्तीस वर्षांच्या गोधडीतले सात हिरवे, खाली पेन्सिलीच्या पुसट तारखा. फोटोग्राफरनं पट्टी भिंतीशी धरून फोटो काढला. पोपटी, बाटलीचा, शेवाळी, शेवटपर्यंत तोच क्रम. मग उजेड होता तोवर टेकडीवर जाऊन अख्ख्या सांध्याचे फोटो काढले, पेंटरनं बुजवलेल्या जागेचासुद्धा. वॉचमननं विचारलं, "कसली सफाई आहे?" बाई म्हणाल्या, "उद्या वाच."

संध्याकाळी पेंटर पुन्हा कचेरीत बसला होता. टिंबूनं पहिला परिच्छेद त्याच्यासमोर ठेवला. 'टेकडीवरच्या टाकीची सफाई झाल्याच्या सातही तारखा ज्या पेंटरनं लिहिल्या, तो ही बातमी लिहिणारीचा बाप आहे. त्यानं त्या तारखा आत न बघता, विश्वासानं लिहिल्या. टाकी साडेतीन वर्षांत एकदाही उघडली नसल्याचा पुरावाही त्यानंच आणून दिला.'

त्यानं दोनदा वाचलं. खिशातली पेन्सिल काढली आणि एक शब्द खोडला.

"बाबा, 'विश्वासानं' का खोडलंत? खरंच आहे ते."

"खरं नाही. आत्ताच सांगितलंय मी बाईंना. विश्वास होता, तो न वापरलेली लांबी परत आणली तिथपर्यंतच. काम वाचलं म्हणून बघितलं नाही, असं लिही."

"इतकं कशाला? लोक तसेही—"

"टिंबू. कंत्राटदाराचं खोटं तू त्याच्या नावानं छापतेस. मग माझ्याच वाट्याला साखर कशाला?"

मग तिनं त्याच्या हातातली पेन्सिल घेतली, त्यानं सांगितलं तसं लिहिलं, आणि कागद धरलेल्या त्याच्या बोटांवर, रंगानं कायमच्या काळवंडलेल्या नखांवर, आपलं कपाळ टेकवलं. पार्टिशनमागे बाई खोकल्या. "मायलेकरांसारखं रडायचं असेल तर पान सोडल्यावर रडा. छपाई थांबलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरनं पेपर हातात घेतला आणि सगळी बातमी वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. मथळ्यातली जागा कमी केली होती. ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

त्याच सकाळी टाकीवर दुसरं कोणीतरी झाकण खरवडत होतं, पत्रा दिसेपर्यंत. टेकडीवरच्या बायका खाली पेपर घेऊन उभ्या होत्या आणि त्यातली एक, बातमी वाचता वाचता, वर ओरडून विचारत होती, "अहो, आत्ता कितवा थर चाललाय?"

पेंटरला मात्र कोणी हार घातला नाही. न्हाव्यानं त्याला बघून विचारलं, "आज तारीख काय हो? खरी सांगा." तीन दुकानदारांनी पाट्या दुसऱ्याकडे दिल्या. आणि एका दुपारी टेकडीवरची एक बाई शेडच्या दारात येऊन उभी राहिली. तिची मुलगी नऊ दिवस वॉर्डात होती, पेंटरच्या बायकोच्याच वॉर्डात.

"सात वेळा चढलात वर," ती म्हणाली. "एकदा वाकला असतात."

एवढंच बोलून ती गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पेंटर त्या दिवशी ब्रश धुऊन घरी आला. बायकोनं विचारलं नाही. स्वतःच्या पायांसाठी कोमट केलेलं पाणी तिनं त्याच्यापुढे सरकवलं.

चौथ्या दिवशी टाकी उघडली. उघडावीच लागली, पेपर रोज पहिल्या पानावर एकच प्रश्न छापत होता: 'झाकण उघडलं का?' आत घोट्यापर्यंत काळा गाळ निघाला, एक चप्पल निघाली, आणि ज्यांची नावं घरी जाऊन सांगू नयेत अशा आणखी काही गोष्टी निघाल्या. अख्खी टेकडी बघायला उभी होती. कंत्राटदाराची चौकशी बसली. सफाईला तीन दिवस लागले. सात वेळा तीन, म्हणजे एकवीस दिवस कागदावर कोणीतरी आरामात पचवले होते.

सफाई झाली आणि खात्याचा माणूस तारीख लिहायला नवा पेंटर शोधू लागला. तेव्हा शेडवर आलेली ती टेकडीवरची बाई म्हणाली, "नवा कशाला? त्यालाच बोलवा. त्याला आता वाकायचं कळलंय."

पेंटर गेला. शिडी चढला, झाकण उघडायला लावलं, टॉर्च घेऊन आत उतरला. खाली उभ्या टिंबूला बराच वेळ नुसता त्याचा खोकला आणि टाकीत घुमणारी पावलं ऐकू येत होती. बाहेर आला तेव्हा गुडघे ओले होते. मग त्यानं खडूच्या दोरीनं रेघ मारली आणि तारीख लिहिली, तोच आठ, तोच चार. तारखेखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ: 'आत उतरून पाहिलं.' शेवटचं टिंब सोडून.

"टिंबू, वर ये."

"मी? ह्या साडीत?"

"वर ये म्हणतो ना. बत्तीस वर्षं शिडी धरतोय, पडू नाही देणार."

ती चढली. खाली बायका हसत होत्या. त्यानं डबा पुढे केला, तिनं रंगात बोट बुडवलं आणि 'पाहिलं'वर टेकवलं.

"वाकडं आलं," ती म्हणाली. "पुसू?"

"राहू दे."

ती झाकणाकडे बघत होती. कोरा पत्रा, उघडा सांधा, नटबोल्ट चमकत होते. "ह्याला हात नाही मारणार? गंजेल ना, बाबा."

"गंजू दे," पेंटर डब्याचं झाकण दाबत म्हणाला. "गंजलेलं उघडता तरी येतं."